गणितच का? – प्रवेश-अर्जातील एका प्रश्नाविषयी

बारावीनंतर परदेशी विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज करणे आपल्या कुटुंबांत आता नवलाचे राहिलेले नाही. गुणपत्रिका, शिफारसपत्रे, शुल्काची तजवीज ही कामे पालक नेटाने पार पाडतात. मात्र अर्जातील एका लहानशा प्रश्नापाशी सारे घर थबकते. ‘हाच विषय का निवडलात?’ आणि विषय गणित असेल, तर उत्तर अधिकच अवघड होते.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांसाठी ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ हा एकच अर्ज चालतो. त्यातील मुख्य निबंधाला 650 शब्दांची मर्यादा आहे. त्याखेरीज अनेक विद्यापीठे विषयनिवडीबद्दल वेगळा, बहुधा याहून बराच लहान निबंध मागतात. ब्रिटनच्या ‘यूकास’ अर्जात 2026 च्या प्रवेशापासून निवेदनाचे तीन प्रश्न झाले असून पहिलाच प्रश्न ‘हा अभ्यासक्रम का?’ असा आहे. आपल्याकडे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेत प्रवेशपरीक्षेतील गणिते सोडवूनच आवड सिद्ध करावी लागते. तिकडे ती शब्दांत मांडावी लागते, एवढाच फरक.

मुले साधारणपणे काय लिहितात? ‘मला लहानपणापासून गणिताची आवड आहे’, ‘दहावीत शंभरपैकी शंभर गुण मिळाले’, ‘गणित ही विश्वाची भाषा आहे’. ही वाक्ये खोटी नसतात, पण ती कोणाचीही असू शकतात. गुण तर गुणपत्रिकेत दिसतातच. वाचणाऱ्याला जाणून घ्यायचे असते ते निराळेच : कोणीही सांगितले नसताना हा मुलगा कोणत्या प्रश्नामागे लागला आणि त्यात कुठवर पोहोचला?

आपला समाज व्यापारउदिमाचा. हिशेब आपल्याला घरीच शिकायला मिळतो, त्यामुळे हिशेब म्हणजेच गणित असा आपला समज होतो. या दोहोंतील अंतर बँकेतील एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एक रुपया दरसाल शेकडा शंभर दराने वर्षभर ठेवला, तर दोन रुपये होतात. व्याज सहामाही आकारले तर सव्वादोन, तिमाही आकारले तर सुमारे 2.44, दरमहा आकारले तर 2.61 आणि रोज आकारले तर 2.71. एवढे काढले की हिशेबनिसाचे काम संपते. गणिती मात्र येथून विचार करू लागतो. क्षणाक्षणाला व्याज आकारले तरी रक्कम तीन रुपयांपर्यंतही का पोहोचत नाही? ती कुठे थांबते? 1683 मध्ये जेकब बर्नुली या स्विस गणितज्ञाने चक्रवाढ व्याजाचा विचार करताना हाच प्रश्न हाताळला. ती मर्यादा म्हणजे 2.718… ही संख्या, जी आज ‘ई’ या अक्षराने ओळखली जाते.

‘किती?’ या प्रश्नापाशी जो थांबत नाही, ज्याला ‘असेच का?’ हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, त्याने गणित हा मुख्य विषय घ्यावा. निबंधात हा प्रवास लिहावा : प्रश्न कुठे भेटला, प्रथम काय करून पाहिले, कुठे अडले, कोणती युक्ती लागू पडली आणि आज काय उमगलेले नाही. न उमगलेले लिहिण्यात कमीपणा नाही. पुढे काय शिकायचे आहे, हे त्यातूनच कळते.

काही मुले आपल्या परंपरेचा उल्लेख करतात. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील महावीराचार्य आणि त्यांचा ‘गणितसारसंग्रह’ यांचा अभिमान योग्यच आहे. परंतु नुसते नाव घेणे म्हणजे वाडवडिलांच्या मिळकतीवर कर्ज मागणे होय. त्या ग्रंथात सहा रसांची किती मिश्रणे होतात, असा प्रश्न आहे. प्रत्येक रस घ्यायचा किंवा वगळायचा, म्हणजे दोनाचा सहा वेळा गुणाकार 64. एकही रस न घेण्याचा प्रकार वजा केला की उरतात 63. हे स्वतः सोडवून ‘एकच रस दोनदा घेता आला तर?’ असे जो विचारील, त्याच्या निबंधात महावीराचार्यांचे नाव शोभून दिसेल.

आता पालकांसाठी. ‘गणित घेऊन पुढे काय?’ ही काळजी स्वाभाविक आहे, कारण खर्च मोठा असतो. विमागणित, संख्याशास्त्र, संगणक, अध्यापन, संशोधन असे मार्ग गणितातून निघतात. अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत निश्चित करता येतो. म्हणून हा निबंध म्हणजे जन्माचा करारनामा नव्हे. मात्र आपल्या समाधानासाठी मुलाकडून ‘मला वित्तक्षेत्रात जायचे आहे’ असे लिहवून घेऊ नये. भाडोत्री लेखकाकडून किंवा यंत्राकडूनही निबंध लिहवून घेऊ नये. दुसऱ्याच्या खात्याच्या धनादेशावर आपण सही करीत नाही. तोच नियम येथेही लागू आहे. शिवाय उसनी आवड पहिल्या सत्रातच उघडी पडते आणि त्या वेळी मूल घरापासून हजारो मैल दूर, एकटे असते.

अर्ज पाठवण्यापूर्वी एक कसोटी लावावी. मुलाने आपला प्रश्न जेवणानंतर आजीला समजावून सांगावा. त्याला कागद पाहावा लागला नाही आणि आजीने ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारले, तर तो निबंध खुशाल पाठवावा. ते उत्तर त्याचे स्वतःचे आहे.