अँजिओग्राफीनंतरची काळजी

वाळपईहून बांबोळीला गोमेकॉत अँजिओग्राफीसाठी जाणाऱ्या सभासदांसाठी आम्ही ही माहिती देत आहोत. मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. जांघेतून नेल्यास नंतर काही तास पाय सरळ ठेवून उताणे पडून राहावे लागते. परिचारिका वरचेवर रक्तदाब, पायाची नाडी, ऊब आणि टोचलेली जागा पाहते, कारण धमनीतून रक्त वेगाने जाते. अशा वेळी "जरा उठून बसा" असा आग्रह नातेवाइकांनी करू नये. डॉक्टरांची मनाई नसल्यास पाणी भरपूर द्यावे. तपासणीत सोडलेला डाय लघवीवाटे निघून जातो.

घरी आल्यावर रक्त आले तर रुग्णाला आडवे करून जागा घट्ट दाबून धरावी आणि १०८ ला फोन करावा. स्टेंट बसवला असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या एक दिवसही बंद करू नयेत.