इंधन नियंत्रण एकक, मालवाहू मोटारीतील

एंजिनाला कोणत्या क्षणी, किती वेळ व किती दाबाखाली इंधन पुरवावयाचे हे ठरवून त्यानुसार अंतःक्षेपकांना विद्युत् संकेत देणारी इलेक्ट्रॉनीय पेटी. कारागिरांमध्ये ती ‘ईसीएम’ किंवा ‘ईसीयू’ या नावांनी ओळखली जाते. पिकअप प्रकारच्या लहान मालवाहू गाड्यांत ती बहुधा एंजिनाच्या कप्प्यात किंवा चालकाच्या कक्षात बसविलेली असते.

जुन्या डीझेल एंजिनांत हे काम यांत्रिक अंतःक्षेपण पंप व गतिनियंत्रक करीत असत. जर्मनीतील बॉश कंपनीने अशा पंपांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९२७ मध्ये सुरू केले. पंपातील दोष धूर, आवाज व गळती यांवरून अनुभवी कारागिराच्या लक्षात येई. ‘कॉमन रेल’ पद्धतीत मात्र सर्व अंतःक्षेपकांना एकाच दाबनलिकेतून इंधन मिळते व नियंत्रण संपूर्णतः विद्युतीय असते. मुंबईसह निवडक शहरांत २०१० पासून, सर्व देशात १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली. त्यामुळे असे एकक नव्या मालवाहू गाडीचा अपरिहार्य भाग झाले [⟶ डीझेल एंजिन].

कार्य : भुजादंडाची स्थिती, वेगवर्धक पायटा, दाबनलिकेतील दाब, हवेचे प्रमाण व शीतक द्रवाचे तापमान यांची माहिती संवेदकांकडून एककाला मिळते. बहुतेक संवेदकांना ते स्वतःच ५ व्होल्ट दाब पुरविते. स्मृतीत साठविलेल्या कोष्टकांशी ही माहिती ताडून अंतःक्षेपण किती वेळ चालावे हे ठरविले जाते. दाबनलिकेतील दाब मंदगतीत सु. २५० ते ३०० बार व पूर्ण भाराखाली १,६०० बार किंवा त्याहून अधिक असतो.

दोषाची कारणे : एकक स्वतः क्वचितच बिघडते; त्याला वीज पुरविणाऱ्या किंवा त्याच्याशी जोडलेल्या भागांतील दोषच अधिक वेळा आढळतात. मुंबईत याला पावसाळ्याची जोड मिळते. दादर-परळ दरम्यानचा हिंदमाता परिसर सखल असल्याने तेथे मुसळधार पावसात पाणी साचत आले आहे. २९ ऑगस्ट २०१७ रोजी परळ व दादर भागांतील अनेक रस्ते पाण्याखाली गेले होते. दादरच्या बाजारांत भाजी व फुले, तसेच लालबाग-परळच्या कार्यशाळांतून गणेशमूर्ती वाहून नेणाऱ्या गाड्या अशा पाण्यातून न्याव्या लागल्यास तारांच्या जोडण्यांत ओलावा शिरतो. तारेच्या वेष्टनाखालून केशाकर्षणाने तो एककापर्यंतही पोहोचू शकतो. पाणी ओसरल्यावर गाडी सुरू होते. परंतु पितळी टोकांवर हिरवट थर वाढत जातो व काही आठवड्यांनी दोष प्रकट होतो. समुद्रकिनाऱ्यावरील क्षारयुक्त हवा ही क्रिया आणखी वाढविते. उष्णता व कंपने यांमुळे डाख तडकणे आणि वितळजोडकाम करताना एककाची जोडणी न सोडणे, हीही कारणे संभवतात.

निदान : गाडी सुरू न होणे, मध्येच बंद पडणे, जोर कमी होणे, काळा धूर येणे व दर्शक फलकावरील इशारादीप पेटणे ही लक्षणे दिसतात. तथापि तुंबलेली गाळणी, इंधनात मिसळलेले पाणी किंवा अशक्त बॅटरी यांमुळेही हीच लक्षणे उद्भवतात. म्हणून केवळ लक्षणांवरून एकक बदलू नये. ते महाग असून विजेचा भाग असल्याने बसविल्यानंतर बहुधा परत घेतले जात नाही. स्वतःची गाडी चालवून पोट भरणाऱ्यास अशी चूक कित्येक दिवसांच्या कमाईस मुकविते.

प्रथम बॅटरी तपासावी. पूर्ण भारित अवस्थेत तिचा दाब सु. १२·६ व्होल्ट असतो; एंजिन फिरविताना तो सु. ९·६ व्होल्टच्या खाली गेल्यास दोष बॅटरीत, तिच्या जोडण्यांत किंवा प्रारंभक मोटरीत शोधावा. नंतर एककाची जोडणी काढून, वाहन-उत्पादकाच्या आकृतीप्रमाणे पुरवठ्याची व भूयोजनाची तार यांमध्ये २१ वॉटचा दिवा जोडावा. दिवा मंद पेटल्यास, व्होल्टमापक १२ व्होल्ट दाखवीत असला तरीही, त्या मार्गात रोध आहे असे समजावे. कारण मापक अत्यल्प प्रवाह घेतो व गंजलेली तारही तेवढा प्रवाह वाहून नेते.

त्यानंतर १६ टोकांच्या निदान-जोडणीस वाचकयंत्र लावावे. यंत्राशी संवाद होत नसेल तर प्रज्वलन बंद करून संवादवाहिनीच्या दोन तारांमधील रोध मोजावा, तो सु. ६० ओहम असावयास हवा. १२० ओहम आढळल्यास वाहिनीच्या एका टोकाचा रोधक तुटलेला असतो. संवाद होत असल्यास दोषांक वाचावेत. पी ००८७ हा अंक दाबनलिकेत दाब कमी असल्याचे सांगतो. त्याचे मूळ बहुधा गाळणी, पंप किंवा गळणारा अंतःक्षेपक यांत असते. पी ०६०१ व पी ०६०६ हे अंक अनुक्रमे एककाची स्मृती व प्रक्रियक यांच्याशी निगडित आहेत. तरीही त्यांवर विसंबण्यापूर्वी पुरवठा निर्दोष असल्याची खात्री करावी.

अनेक संवेदक एकाच वेळी सदोष भासल्यास त्यांना मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा तपासावा. तो खाली आला असल्यास संवेदक एकेक करून सोडवावेत; एखादा सोडविताच दाब पूर्ववत झाला तर दोष त्या संवेदकात किंवा त्याच्या तारेत असतो. सर्व संवेदक व तारा वगळूनही दाब न आल्यासच एककाचा दोष निश्चित मानावा. चालू एंजिनाच्या उच्च दाबाच्या नळ्या कधीही सैल करू नयेत. बाहेर पडणारी सूक्ष्म धार त्वचा भेदून शरीरात शिरते व ही दुखापत लहान दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज भासू शकते.

बदली : जुने एकक कशामुळे निकामी झाले हे आधी शोधावे. अंतःक्षेपकाचे किंवा दाबनियंत्रक झडपेचे वेटोळे लघुमंडलित झाले असल्यास नवे एककही त्याच कारणाने जळू शकते. शक्य असल्यास जुन्या एककातील अंतःक्षेपकांचे संकेतांक व प्रणालीचा क्रमांक वाचून नोंदवावेत. प्रज्वलन बंद करून काही मिनिटे थांबावे, बॅटरीचे ऋण टोक सोडवावे व मगच जोडणीची कळ उघडावी. जोडणीतील टोके स्वच्छ व कोरडी करावीत, रबरी वेष्टन फाटले असल्यास बदलावे आणि भूयोजनाचा बोल्ट खरवडून घट्ट बसवावा.

नव्या एककाचा भागक्रमांक जुन्याशी तंतोतंत जुळावा लागतो. बाहेरील पेटी सारखी असूनही आतील प्रणाली निराळी असू शकते. त्यात गाडीचा सांगाडा क्रमांक, अंतःक्षेपकांचे संकेतांक व चोरी-प्रतिबंधक किल्लीची ओळख नोंदवावी लागते. मोडीत निघालेल्या गाडीचे एकक स्वस्त मिळते. पण त्यातील किल्लीची ओळख जुन्याच गाडीची असल्याने ते नव्याने नोंदविता आले नाही तर एंजिन सुरू होत नाही.

शेवटी जुने दोषांक पुसून एंजिन थंड व तप्त या दोन्ही अवस्थांत सुरू करावे, मालासह गाडी चालवून पाहावी व दोषांक पुन्हा वाचावेत. तारमंडल हाताने हलविताना एंजिन अडखळल्यास बदलीचे काम पुरे झाले असे मानू नये.