पहिल्या हिमाचा भरवसा : भारतातील स्कीइंगचा मागोवा

मुळशी तालुक्यातील पौडच्या परिसरात मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून भाताची लावणी लगेच सुरू होत नाही. राब भाजून तयार केलेल्या वाफ्यातली रोपे काढणीला यावी लागतात, खाचरात पाणी ठरावे लागते आणि चिखलणी पुरी व्हावी लागते. पाऊस आणि हंगाम यांच्यातील हे अंतर मावळातल्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेले असते, आणि तसेच अंतर हिमालयात पहिला हिमवर्षाव व स्कीइंगचा हंगाम यांच्यात असते. स्कीइंग म्हणजे पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून बर्फाच्छादित उतारावरून तोल सांभाळीत घसरत जाण्याची विद्या. भारतातील तिच्या सुमारे शंभर वर्षांच्या वाटचालीकडे मागे वळून पाहिले, तर यंत्रे येण्यापूर्वी ही विद्या या अंतराच्या जाणिवेवरच उभी होती, यंत्रांच्या काळात ती जाणीव मागे पडली आणि अलीकडच्या कोरड्या हिवाळ्यांनी तिची गरज पुन्हा दाखवून दिली, असे दिसते.

या वाटचालीचा आरंभ काश्मीरमधील गुलमर्ग येथे, सुमारे 2,650 मीटर उंचीवर झाला. तेथे 1927 मध्ये ब्रिटिशांनी ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली, आणि स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये भारतीय सैन्याने तेथेच आपली स्की प्रशाला सुरू केली, जिचा विस्तार होऊन पुढे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ ही उंच पर्वतीय युद्धाचे प्रशिक्षण देणारी संस्था उभी राहिली. त्या काळी उतारावरून खाली येण्यासाठी आधी तो उतार पायी चढावा लागे. पट्ट्यांच्या तळाला केसाळ कातडे बांधले, की केस मागे वळलेले असल्यामुळे पट्टी पुढे सरके, पण मागे घसरत नसे. पूर्वी त्यासाठी सील या सागरी प्राण्याचे कातडे वापरीत, आज मोहेर लोकर किंवा नायलॉन वापरतात. चढताना पायाखालच्या बर्फाची खोली, घट्टपणा आणि थर यांची आपोआप पारख होई, आणि त्यामुळे खाली उतरण्याचा निर्णय नुसत्या नजरेवर सोडला जात नसे.

ही पारख हंगामाच्या आरंभी सर्वांत मोलाची ठरते. हिमालयातील हिवाळी बर्फ मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे भूमध्य सागराच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणाऱ्या वादळी हवामान-प्रणालींमुळे पडतो. नोव्हेंबर-डिसेंबरमधील पहिला थर पातळ आणि भुसभुशीत असतो. गवताळ कुरणावर थोडा बर्फही पुरतो, परंतु खडकाळ उतारावर तोच थर दगड केवळ झाकतो आणि अपघाताला निमित्त होतो. त्याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही : पातळ थराखालची जमीन तुलनेने उबदार आणि वरची हवा अतिथंड असली, की थरातील वाफ वर सरकताना तळाशी साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे स्फटिक तयार होतात, आणि जानेवारीत त्यावर जड बर्फ साचला म्हणजे तो सगळा भार या कमकुवत पायावरून हिमस्खलनाच्या रूपाने निसटू शकतो. काश्मिरी पंचांगात 21 डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या 40 दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला ‘चिल्ला-ए-कलान’ म्हणतात. या काळात पडणारा बर्फ टिकाऊ मानला जातो, आणि हंगामाचा खरा पाया त्याच दिवसांत घातला जातो.

1990च्या दशकापासून या विद्येचे स्वरूप बदलले. उत्तराखंडातील जोशीमठ आणि औली यांना जोडणारा सुमारे 4 किलोमीटरचा रज्जुमार्ग झाला. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे तेथील रज्जुमार्गाचा, पहिला टप्पा 1998 मध्ये आणि अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत नेणारा दुसरा टप्पा 2005 मध्ये सुरू झाला. चढण्याचे कष्ट संपले, सामान्य पर्यटकाला उंच उतार खुले झाले आणि स्थानिकांना रोजगार मिळाला, हे या बदलाचे मोठे श्रेय आहे. मात्र त्याबरोबर हंगाम तारखांना बांधला गेला. 2011च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी औलीत कृत्रिम बर्फाची यंत्रे आली, जी दाबाखालील हवेबरोबर पाण्याचे सूक्ष्म तुषार उडवून त्यांचे हिमकण करतात. पण हवा पुरेशी थंड आणि कोरडी नसेल तर तुषार गोठत नाहीत, त्यामुळे हे यंत्रसुद्धा अखेर हवामानाच्याच अधीन राहते.

पुढील घटनांनी हे स्पष्ट केले. औलीत 2018 मध्ये ठरलेली आंतरराष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी होऊ शकली नाही. 2022च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये काश्मीरचा आरिफ खान जायंट स्लॅलम या शर्यतीत 45वा आला. गुलमर्गच्या नैसर्गिक बर्फावर घडलेला हा खेळाडू बीजिंगमध्ये जवळजवळ संपूर्णपणे कृत्रिम बर्फावर धावला. जानेवारी 2024 मध्ये ऐन चिल्ला-ए-कलानमध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, आणि 2025 मध्ये तेथील ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीतून पुढे ढकलून 9 ते 12 मार्च या काळात घ्याव्या लागल्या.

या शेवटच्या निर्णयाकडे केवळ नामुष्की म्हणून पाहणे योग्य नव्हे. तारीख बर्फाच्या मागे गेली, बर्फाला तारखेमागे ओढण्याचा हट्ट धरला गेला नाही, यात जुन्या शिस्तीचा स्वीकार आहे. रज्जुमार्ग आणि यंत्रे हवीतच. परंतु प्रत्येक प्रशिक्षणात नवशिक्याने एकदा तरी स्वतःच्या पायांनी उतार चढावा, थर खणून पाहावा आणि उतरायचे की थांबायचे हे त्यावरून ठरवावे, एवढी अपेक्षा या शंभर वर्षांच्या अनुभवातून रास्त ठरते. पौडच्या खाचरात पाणी ठरले की नाही हे बांधावरून पंचांग वाचून कळत नाही, त्यासाठी चिखलात पाय घालावा लागतो. हिमालयातील पहिल्या बर्फाचा भरवसाही तसाच पावलापावलाने मिळवावा लागतो.