लहरी सर्वांच्या, यंत्र धन्याचे

दोन माणसांनी हातात दोन बिनतारी संच घ्यावेत आणि तार, टपाल वा टेलिफोन-कंपनी यांपैकी कोणाचाही उपकार न घेता परस्परांशी बोलावे, ही कल्पना जितकी मोहक तितकीच निसर्गाने तिला घातलेली मर्यादा कठोर आहे. कारण वॉकीटॉकी ज्या अतिउच्च कंप्रतेच्या लहरींवर चालते त्या बहुतांशी सरळ रेषेत प्रवास करतात, आणि पृथ्वी वक्र असल्यामुळे काही अंतर गेल्यावर जमीनच त्यांच्याखालून वाकत जाते. याचे गणित सोपे आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ने गुणले की तिचे रेडिओ-क्षितिज किलोमीटरांत मिळते. तोंडाशी धरलेला संच जमिनीपासून दीड मीटरवर असतो. त्याचे क्षितिज ५ किलोमीटरांचे, आणि समोरच्याचेही तितकेच धरले तर सपाट, मोकळ्या मैदानात दोघांचा संवाद १० किलोमीटरांवर संपुष्टात येतो. घरे, झाडी, टेकड्या आडव्या आल्या की दहाचे दोन व्हायला वेळ लागत नाही. तेच सूत्र सभोवतालच्या मुलखापेक्षा ९०० मीटर उंच असलेल्या डोंगरमाथ्यावरील अँटेनाला लावले, तर उत्तर सुमारे १२४ किलोमीटर येते. रिपीटर नावाच्या यंत्राचे सारे माहात्म्य या दोन आकड्यांमधील तफावतीत आहे.

रिपीटर एका कंप्रतेवर क्षीण आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी तो दुसऱ्या कंप्रतेवर जोरकसपणे प्रक्षेपित करतो. अमेरिकेत जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिस, अर्थात जीएमआरएस, या नावाची जी सेवा आहे, तिच्या एका प्रचलित जोडीत वापरणाऱ्याचा संच ४६७.६७५ मेगाहर्ट्‌झवर बोलतो आणि रिपीटर तेच बोलणे ४६२.६७५ मेगाहर्ट्‌झवर पुन्हा ऐकवतो. ऐकणे आणि बोलणे हे दोन्ही व्यवहार एकाच अँटेनावर, एकाच वेळी चालवायचे, हे वाटते तितके सुलभ नाही. प्रक्षेपक ५० वॅट शक्ती बाहेर टाकत असतो, आणि शेजारच्या ग्राहीला जो संदेश टिपायचा असतो तो पाव मायक्रोव्होल्टाचा, म्हणजे शक्तीच्या हिशेबात सुमारे चार कोटी अब्ज पटींनी दुबळा असतो. ही दोन टोके परस्परांपासून अलग ठेवण्याचे काम डुप्लेक्सर करतो. धातूच्या जाड नळकांड्यांची ही एक रांग असते. प्रत्येक नळकांडे विशिष्ट कंप्रतेला प्रतिसाद देते किंवा तिला अडवते, आणि त्याच्या डोक्यावरचा आट्यांचा दांडा किंचित फिरवून त्याचा मेळ साधावा लागतो. मेळ जरासा ढळला की रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो. डोंगरावरची जागा, तिचे भाडे, वीज, विजेपासून संरक्षण आणि हा नाजूक डुप्लेक्सर, यांचा खर्च कोणी तरी सोसत असतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जीएमआरएसचा परवाना मिळवण्यास परीक्षा लागत नाही. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या अर्जदाराने फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे ३५ डॉलर भरले की दहा वर्षांची सनद हाती येते, आणि ती एकट्याची नसून कुटुंबाचीही असते. कुटुंब म्हणजे कोण, याची जी यादी नियमांत दिली आहे ती वाचताना अमेरिकेत राहणाऱ्या मराठी गृहस्थाला आपल्या एकत्र कुटुंबाची आठवण व्हावी, इतकी ती ऐसपैस आहे: पती-पत्नी, मुले, नातवंडे, आईवडील, आजीआजोबा, भावंडे, काका-मामा, आत्या-मावश्या, पुतणे, भाचे आणि सासरचीही मंडळी तीत येतात, चुलत आणि मावस भावंडे मात्र तिच्याबाहेर राहिली आहेत. असा परवाना घेऊन, संच विकत आणून, एखाद्या राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीपूर्वी नवखा वापरकर्ता जेव्हा परिसरातील रिपीटरांची यादी पाहतो, तेव्हा काहींपुढे ‘खुला’ असा शेरा असतो, काहींपुढे ‘परवानगीने’, तर काहींपुढे ‘फक्त सभासदांसाठी’. सरकारची सनद खिशात असताना हा दुसरा दरवान कोठून उपटला, असे त्याला वाटले तर ते स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर कायद्याच्या दोन कलमांत विभागलेले आहे. हौशी, म्हणजे हॅम, रेडिओसेवेच्या अमेरिकन नियमांत असे स्पष्ट म्हटले आहे, की कोणतीही कंप्रता कोणत्याही केंद्राच्या अनन्य वापरासाठी नेमून दिली जाणार नाही. आणि त्याच नियमावलीत अन्यत्र असेही म्हटले आहे, की रिपीटरचा वापर ठराविक केंद्रांपुरता मर्यादित करण्यास मुभा आहे. जीएमआरएसच्या नियमांतही परवानाधारकाला आपला रिपीटर कोणालाही वापरू देण्याचा, निवडक व्यक्तींपुरता राखण्याचा, किंवा आपली जबाबदारी पार पाडण्यासाठी आवश्यक वाटल्यास एखाद्याला मज्जाव करण्याचा अधिकार दिला आहे. या कलमांत वरवर दिसणारा विरोध भावकीच्या विहिरीकडे पाहिले म्हणजे मावळतो: पाणी सर्वांचे असले तरी मोट, नाडा आणि बैल ज्याचे त्याचे असतात. लहरींवर मालकी कोणाचीच नाही, आणि यंत्रावर मात्र आहे. इतकेच नव्हे, तर ते यंत्र नियमानुसार चालवण्याची जबाबदारीही त्याच्या परवानाधारकावरच असते. ज्याच्यावर जबाबदारी टाकली, त्याच्या हाती दाराची कडीही दिली पाहिजे, एवढे तारतम्य कायद्याने राखले आहे.

बंद रिपीटरांमागे पुष्कळदा अहंकारापेक्षा हिशेब असतो. मोबाइल फोन सार्वत्रिक होण्यापूर्वीच्या दशकांत अनेक हॅम क्लबांनी आपल्या रिपीटरला टेलिफोनची तार जोडली होती, आणि मोटारीत बसलेला सभासद संचावरील आकड्यांची बटणे दाबून त्या तारेवरून घरी बोलू शके. त्या काळी ही चैन होती, आणि टेलिफोनचे बिल क्लबाच्या खजिनदाराच्या नावाने येई. तेव्हा ती सोय चालू करण्याची सांकेतिक अंकमाला वर्गणीदारांपुरती ठेवणे क्रमप्राप्त होते. दुसरे कारण जागेच्या टंचाईचे. लॉस एंजेलिसवर पहारा करणाऱ्या माउंट विल्सनवर, जेथील वेधशाळेत एडविन हबल यांनी दूरच्या दीर्घिकांचा अभ्यास केला, त्याच कड्यावर आज दूरचित्रवाणीच्या आणि नभोवाणीच्या मनोऱ्यांचे रान माजले आहे. सुमारे १,७४० मीटर उंचीची अशी शिखरे आणि त्यांच्या पायथ्याशी पसरलेले महानगर एकत्र आले, की एका रिपीटरच्या कक्षेत इतके लोक येतात की सर्वांना मुक्तद्वार दिले तर कोणालाच धड बोलता येऊ नये. दक्षिण कॅलिफोर्नियात बंद रिपीटरांची परंपरा रुजली, तिच्या मुळाशी ही दाटी आहे. जीएमआरएसमध्ये तर रिपीटरसाठी कंप्रतांच्या अवघ्या आठ जोड्या आहेत. संपूर्ण देशाने त्या वाटून घ्यायच्या असतात.

आता या दाराचे स्वरूप पाहू. बहुतेक रिपीटर संचाकडून बोलण्याच्या जोडीने एक मंद, अखंड स्वर अपेक्षितात. तो ६७ ते २५४.१ हर्ट्‌झ या टप्प्यातील ठराविक स्वरांपैकी एक असतो. संचाचा ग्राही तो आवाजातून गाळून टाकतो, म्हणून श्रोत्याला तो जाणवत नाही. १४१.३ हर्ट्‌झचा स्वर जीएमआरएसमधील प्रवाशांसाठी रूढ झाला आहे, आणि अनेक खुल्या रिपीटरांवर तोच चालतो. अपेक्षित स्वर नसेल, तर रिपीटर तो संदेश कानांआड करतो. परंतु या स्वराला कुलूप समजणे चूक आहे. त्याचा मूळ हेतू परक्या लहरींचा उपद्रव टाळण्याचा. तो हुडकून काढणारे संच बाजारात सहज मिळतात. आणि या दोन्ही सेवांत संभाषण गुप्त करण्यास मनाई असल्यामुळे, सभासदांपुरत्या रिपीटरवरही जे बोलले जाते ते ज्याच्याजवळ संच आहे त्या कोणालाही ऐकता येते. बंद असते ते केवळ बोलणे. श्रवणाला कोठेही मज्जाव नाही.

नवख्याच्या दृष्टीने या एका वस्तुस्थितीचे मोल फार आहे. त्याने काही दिवस केवळ ऐकावे: कोणत्या वेळी कोण येतो, संभाषण प्रवाशांच्या रस्त्याविषयी आहे की जुन्या स्नेह्यांच्या प्रकृतीविषयी, दोन वाक्यांमध्ये किती विराम सोडला जातो. हा विराम शिष्टाचाराचा तसाच यंत्रशास्त्राचाही भाग आहे. बोलणाऱ्याने बटण सोडले तरी रिपीटर क्षणभर हवेत राहतो, एक छोटी शीळ वाजते, आणि मग खरखरीचा एक झटका देऊन तो शांत होतो. शीळ वाजण्यापूर्वीच दुसऱ्याने बोलणे सुरू केले तर मध्येच येऊ पाहणाऱ्या तिसऱ्याला वाव उरत नाही. शिवाय अनेक रिपीटरांत सुमारे तीन मिनिटांनी प्रक्षेपण तोडणारे जे घड्याळ असते, ते या शिळेबरोबरच पुन्हा शून्यावर येत असल्यामुळे, घाईने बोलणाऱ्यांचे संभाषण ऐन वाक्यात खुंटते. नुसते बटण दाबून रिपीटर जागा होतो का, हे न बोलता पाहण्याची खोड नवख्यांत फार. त्यापेक्षा आपले संकेतनाम उच्चारून ‘चाचणी घेत आहे’ एवढे म्हटले, तर नियमही पाळला जातो आणि पुष्कळदा पलीकडून कोणीतरी आपला आवाज कसा येतो हेही सांगते. हॅम सेवेत दर १० मिनिटांनी आणि जीएमआरएसमध्ये दर १५ मिनिटांनी, तसेच बोलणे संपताना, संकेतनाम देणे बंधनकारक आहे.

म्हणून शिकाऊ अवस्थेत खुला रिपीटर हीच योग्य पाठशाळा होय. प्रवासात तर तिच्यावाचून गत्यंतर नाही. तिचे दोषही उघड आहेत: कोणीही येतो, त्यामुळे वाचाळही येतो, आणि ऐन गर्दीच्या वेळी काम सांगायला फट मिळत नाही. सभासदांच्या रिपीटरवर वर्दळ कमी, ओळख दाट, आणि बिघाड झाला तर तो दुरुस्त करणारा माणूस कोण हे ठाऊक असते. मात्र एकाच डोंगराच्या छायेत राहणाऱ्याला वर्गणी परवडते, वर्षातून एकदा त्या वाटेने जाणाऱ्याला नाही. ‘परवानगीने’ असा शेरा असेल तर बहुधा संकेतनाम आणि गावाचे नाव कळवून दोन ओळींचा अर्ज केला तरी काम भागते. जीविताला तत्काळ धोका असेल आणि नेहमीचे दळणवळण तुटले असेल, तर हौशी सेवेचे नियम हाती असेल ते रेडिओसाधन वापरण्याच्या आड येत नाहीत.

भारतातील वाचकाने येथे एक इशारा लक्षात घ्यावा. परीक्षेवाचून मिळणारी जीएमआरएससारखी सेवा आपल्याकडे नाही, आणि अमेरिकेतून आप्ताने आणलेला तो संच येथे वापरणे बेकायदा ठरते. आपल्याकडील रिपीटरांवर बोलण्याचा राजमार्ग हौशी परवान्याचा: दूरसंचार खात्याच्या अखत्यारीतील परीक्षा द्यावी, ‘व्हीयू’ने सुरू होणारे संकेतनाम मिळवावे, आणि मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात आवाज काढावा.

खुला रिपीटर बेवारशी नसतो. कोणाला तरी पावसाळ्यानंतर डोंगर चढून त्याचा डुप्लेक्सर पुन्हा जुळवावा लागतो, आणि जागेचे भाडे भरावे लागते. वापरणाऱ्यांना ते दिसत नाही, इतकाच त्याचा व सभासदांच्या रिपीटरचा भेद. तेव्हा कोणते दार ठोठावावे हा प्रश्न सोयीने सोडवावा, पण ज्या यंत्रावर आपला आवाज रोज डोंगरापलीकडे जातो त्याच्या खर्चातील आपला वाटा, कोणी मागितला नसला तरी, आपण होऊन पोहोचता करावा.