कार्लो खानाची स्वारी

इंग्लंडच्या संसदेचे गोडवे ऐकतच आमची पिढी वाढली. त्या थोर संस्थेच्या माजघरात अठराव्या शतकात काय चालत असे, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पाठ्यपुस्तके क्षणभर दूर सारून त्या काळची छापील व्यंगचित्रे चाळावीत.

१७५४ सालच्या ऑक्सफर्डशायरच्या निवडणुकीवरून विल्यम होगार्थने चार चित्रे रंगविली व पुढे त्यांचे कोरीव ठसे प्रसिद्ध केले. पहिल्यात मेजवानी झडत आहे. कालवांवर यथेच्छ ताव मारून निपचित पडलेल्या नगराध्यक्षाची शीर तोडण्याची पाळी आली आहे. दुसऱ्यात दोन्ही पक्षांचे दलाल एका शेतकऱ्याच्या मागे लागले आहेत आणि तो कोणालाच विन्मुख पाठवीत नाही. तिसरे मतदानाचे. मरणोन्मुख माणसाला उचलून आणले आहे. युद्धात हात गमावलेला एक सैनिक बायबलवर लोखंडी आकडा ठेवून शपथ घेतो आणि ती ग्राह्य की अग्राह्य यावर वकिलांची जुंपली आहे! मागे ब्रिटानियाची गाडी मोडकळीस आली असून सारथी पत्त्यांत दंग आहेत. मतदान त्या काळी उघड होते. गुप्त मतपत्रिका तेथे १८७२ साली आली.

यांतील पहिला ठसा होगार्थने हेन्री फॉक्स या मुत्सद्द्याला अर्पण केला होता. तीस वर्षांच्या आत याच कलेने त्याच्या मुलाचा, चार्ल्स जेम्स फॉक्सचा, घात केला, आणि हे प्रकरण आपल्या देशाशी निगडित आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संसदेने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती द्यावा, असे विधेयक त्याने १७८३ मध्ये आणले. सालबाईचा तह होऊन तेव्हा दीडच वर्ष लोटले होते. ५ डिसेंबरला जेम्स सेयर्सचे चित्र झळकले : मोगली थाटाचा 'कार्लो खान' फॉक्स हत्तीवरून कंपनीच्या दारी निघाला आहे, आणि हत्तीला तोंड आहे लॉर्ड नॉर्थचे. पुढे तुतारी फुंकीत बर्क. राजाने आपला विरोध सरदारांच्या कानी घातला, १७ डिसेंबरला विधेयक पडले, मंत्रिमंडळ गेले आणि पिट आला. संसदेतील भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी आपले अधिक नुकसान केले, असे फॉक्स म्हणे, अशी आख्यायिका आहे. हिंदुस्थानच्या रयतेचा प्रश्न मात्र त्या हशात कोठल्या कोठे विरला.

१७८४ च्या वेस्टमिन्स्टर निवडणुकीत मतदान चाळीस दिवस चालले. डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना फॉक्ससाठी दारोदार फिरली. मतासाठी तिने एका खाटकाचे चुंबन घेतले, अशी आवई उठली आणि रोलँडसनप्रभृतींनी तीच पुनःपुन्हा रेखाटली. ज्या स्त्रीला स्वतःला मताचा अधिकार नव्हता, तिची इतकी ओंगळ विटंबना व्हावी, यास आम्ही विनोद म्हणावयास तयार नाही. मद्य आणि मोहरा वाटणाऱ्या पुरुषांच्या वाट्याला एवढे कधी आले नाही. फॉक्स निवडून आला खरा. पण मतांच्या फेरतपासणीच्या निमित्ताने वेस्टमिन्स्टरची ती जागा १७८५ च्या मार्चपर्यंत त्याला मिळू दिली नाही.

या चित्रकारांच्या निर्भीडपणाचे कौतुक आम्हीही पूर्वी केले आहे. थोडे आवरते घ्यावयास हवे होते. होगार्थला १७५७ साली राजाच्या पदरी चित्रकाराची जागा मिळाली. गिलरेला १७९७ पासून सरकारी तनखा सुरू झाला. आणि कार्लो खानाच्या जनकाला, सेयर्सला, पिटने न्यायालयातील मार्शलचे पद बहाल केले.