‘सेल’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ व उपयोग : मुंबई उपनगरांच्या संदर्भात

‘सेल’ हा इंग्रजी शब्द ‘विक्री’ या शब्दाचा पर्याय मानला जातो. तथापि मराठी बोलीव्यवहारात तो त्या अर्थाने फारसा रुजलेला नाही. बोरिवली वा घाटकोपर येथील दुकानावर ‘सेल’ अशी पाटी दिसली की भाव उतरले आहेत, एवढेच ग्राहक समजतो. विक्री रोजच होते. ‘सेल लागतो’ तो मात्र ठरावीक दिवसांपुरता. ‘लागणे’ हे क्रियापदही येथे चित्रपटाप्रमाणे तात्पुरत्या गोष्टीसाठी योजलेले दिसते. इंग्रजीत ‘फॉर सेल’ म्हणजे विकाऊ. ‘ऑन सेल’ म्हणजे ब्रिटिश वापरात विक्रीस उपलब्ध, तर अमेरिकी वापरात बहुधा सवलतीत.

उपनगरांत या शब्दाला आणखी एक अर्थ प्राप्त झाला आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एकाच भूखंडावर पात्र झोपडीधारकांसाठी विनामूल्य घरांची ‘रिहॅब’ इमारत आणि खुल्या बाजारात विकावयाच्या घरांची ‘सेल’ इमारत उभी राहते. ‘सेलची बिल्डिंग’ हा शब्दप्रयोग त्यामुळे व्यवहारापेक्षा रहिवाशाची पायरी अधिक सांगतो. एकाच आवारातील शेजाऱ्यांची अशी ओळख करून देणारा शब्द निरुपद्रवी म्हणता येणार नाही.

खरा घोटाळा होतो तो दस्तऐवजात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 नुसार ‘सेल’ म्हणजे दिलेल्या किंवा देऊ केलेल्या किमतीच्या मोबदल्यात मालकीचे हस्तांतरण. ‘सेल’चा करार हा मात्र भविष्यातील विक्रीचा करार असून त्याने मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही, असे तेच कलम सांगते. मराठीने हा भेद स्वतंत्र शब्दांनी जपला आहे : करार तो साठेखत, प्रत्यक्ष विक्री ते खरेदीखत. (इंग्रजी दस्तास विकणाऱ्याच्या बाजूने नाव मिळाले, मराठी दस्तास घेणाऱ्याच्या!) इंग्रजीत दोहोंतही ‘सेल’ असल्याने ‘अ‍ॅग्रीमेंट फॉर सेल’ नोंदवताच सर्व काही पूर्ण झाले, असा समज होतो. वस्तुतः महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, 1963 नुसार जमीन व इमारत संस्थेच्या नावे अभिहस्तांतरित करण्याचे विकासकाचे दायित्व त्यानंतरही उरते. ते न पाळल्यास संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. ही तरतूद 2008 च्या दुरुस्तीने आली.