रबरी बूट चढवण्याची कसरत

भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळच्या परिसरात धानाच्या रोवणीला सुरुवात झाली की रस्त्याचा रंग बदलतो. चिखलणी करून बांध्यांतून निघालेले ट्रॅक्टर भंडारा–पवनी मार्गावर येतात आणि चाकांचा चिखल डांबरावर सोडत जातात. मागून येणाऱ्या मोटारींच्या पोटाखाली तोच उडतो. मालक गाडी वरून धुतो आणि निर्धास्त होतो. चिखलाशी खरा सामना करतात ती चाकांच्या आतल्या बाजूची रबराची आवरणे. गॅरेजात त्यांना ‘बूट’ म्हणतात.

आतले ग्रीस आत ठेवायचे आणि बाहेरची माती-पाणी बाहेर, एवढेच बुटाचे काम. चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मच्या बॉल जॉइंटवर आणि स्टिअरिंगच्या टाय रॉड एंडवर छोटा बूट असतो, चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांवर मोठा, घडीदार. फाटक्या बुटांत पहिला नंबर बहुधा याचाच. घडीत चीर पडली की फिरता शाफ्ट ग्रीस बाहेर भिरकावतो. उरलेल्या ग्रीसमध्ये बारीक रेती कालवली जाते आणि वंगणाचाच पॉलिश पेपर होतो. मग पूर्ण वळण घेताना चाकाकडून ‘कटकट’ ऐकू येते. एकदा ती सुरू झाली की नुसता बूट बदलून भागत नाही, अख्खा जॉइंट घालावा लागतो.

या सांध्याची सहा गोळ्यांची रचना आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२० च्या दशकात केली. १९५९ च्या ब्रिटिश ‘मिनी’ने याच सांध्याच्या जोरावर पुढच्या चाकांना ताकद देणारी छोटी मोटार लोकप्रिय केली. आपल्याकडे अँबॅसेडर आणि पद्मिनीची मागची चाके गाडी ढकलत. डिसेंबर १९८३ मध्ये पुढच्या चाकांनी ओढणारी मारुती ८०० आली आणि ड्राइव्ह शाफ्टचे बूट गावोगावच्या मिस्त्रींच्या हाताखाली येऊ लागले.

बूट बदलण्यातली खरी मेख त्याच्या तोंडात आहे. ते घट्ट नसेल तर ग्रीस झिरपते, आणि घट्ट असेल तर सहजासहजी चढत नाही. घाईतला मिस्त्री पेचकस घालून कड ओढतो. तिथेच नखभर चीर पडते. ती त्या दिवशी दिसत नाही, पुढच्या पावसाळ्यात दिसते.

जाणता कारागीर आधी बूट गरम पाण्यात टाकतो. डिसेंबरातल्या सकाळी तर याला पर्यायच नाही, कारण थंडीत रबर ताठरते. मग शाफ्टच्या टोकाच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळतो. धारदार दात्यांवरून नवी कड ओढली की ती कापलीच म्हणून समजा. कडेला साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस पुरे. डिझेल, ऑइल, पेट्रोल लावू नये, त्यांनी रबर फुगते. सांधा न खोलता बूट चढवायचा असेल तर निमुळता प्लास्टिकचा शंकू वापरतात. त्याच्या बारीक टोकाकडून बूट सरकवत तोंड हळूहळू ताणायचे आणि पलीकडे उतरवायचे. हे मात्र ताणल्या जाणाऱ्या खास बुटालाच जमते. साध्या बुटासाठी सांधा काढणेच इष्ट.

ड्राइव्ह शाफ्टच्या बुटाच्या कडा आपापल्या खाचेत बसल्या की लहान तोंडावरची पट्टी (क्लॅम्प) आवळण्याआधी कड जराशी उचलून आतली हवा सारखी करतात. हे राहिले तर घड्या आत ओढल्या जातात आणि एकमेकींवर घासतात. पट्टीच्या जागी प्लास्टिकची केबल टाय बांधलेली बरेचदा दिसते. ती जुगाड म्हणून गाडी घरी आणेल, पण त्यावर वर्ष काढण्याची अपेक्षा करणे चूकच.

बॉल जॉइंटचा बूट वेगळ्या तऱ्हेने हट्टी. त्याला वरून बारीक तारेची रिंग बसते, आणि एक बाजू खाचेत ढकलली की दुसरी निसटते. योग्य मापाचा पाइपचा तुकडा किंवा मोठी सॉकेट घेऊन सगळीकडून सारखा दाब दिला की ती खाचेत उतरते. सांधा सोडवायला दोन दातांचा काटा ठोकला तर बूट हमखास फाटतो; सांधाच बदलायचा असेल तर चालेल, बूट वाचवायचा असेल तर दाबून सोडवणारा पुलर हवा.

पावसाळ्याआधी चाक पूर्ण वळवून टॉर्चच्या उजेडात घड्यांच्या तळाशी पाहावे. ताज्या चिरेपेक्षा रिमच्या आतल्या बाजूला उडालेले काळे ग्रीस आधी नजरेस पडते. ते दिसले आणि सांधा अजून वाजत नसेल, तर नव्या बुटावर आणि ग्रीसच्या पाकिटावर काम निभावते.